वायबीसीओची झेडएफसी-एफसी चाचणी: पेलेटपासून आलेखापर्यंत, क्रम न चुकवता

फेब्रुवारी-मार्चमध्ये एमएस्सीचे प्रोजेक्ट जमा करायची घाई सुरू झाली की माझ्यासमोर वायबीसीओ या अतिसंवाहकाचे दर वर्षी तेच तीन आलेख येतात. अतिसंवाहक म्हणजे ठरावीक तापमानाखाली (तेच त्याचं संक्रमण) वीज बिनरोध वाहू देणारा आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणारा पदार्थ. आलेखात त्याचं चुंबकत्व तापमानानुसार मोजलेलं असतं. एकात एफसीची (क्षेत्र देऊन थंड करतानाची) रेषा संक्रमणाच्या खाली उतरायच्या ऐवजी वर चढलेली असते. दुसऱ्यात संक्रमण ९० च्या जागी ६० केल्विनला आलेलं असतं. तिसऱ्याच्या खाली लिहिलेलं असतं, ‘नमुना ३८० टक्के अतिसंवाहक आहे’. तिन्ही वेळा यंत्र ठीकच असतं. चूक यंत्राशी बसण्याआधी झालेली असते, किंवा कमांड कोणत्या क्रमाने दिल्या त्यात असते.

क्रमाला एवढं महत्त्व का, ते आधी समजून घ्या. आपल्यावर काय काय गेलं ते अतिसंवाहक नमुना विसरत नाही. शून्य चुंबकीय क्षेत्रात थंड करून मग क्षेत्र दिलं (झेडएफसी, म्हणजे झीरो फील्ड कूल्ड) तर एक उत्तर मिळतं. क्षेत्र देऊन मग थंड केलं (एफसी, म्हणजे फील्ड कूल्ड) तर दुसरं. तापमान तेच, क्षेत्र तेच, नमुना तोच, तरी आकडे वेगळे. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा सुटला तर पुढचं मोजून उपयोग नाही.

इथे यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं १:२:३ प्रमाण असलेलं क्युप्रेट (तांबं आणि ऑक्सिजन असलेलं संयुग), म्हणजे वायबीसीओ, धरलं आहे. ऑक्सिजन नीट भरलेला असेल तर त्याचं संक्रमण तापमान ९० ते ९३ केल्विनच्या आसपास येतं, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या बरंच वर. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतही बनवता येतं.

टप्पा १: वजन, खल आणि भट्टी

१० ग्रॅम वायबीसीओसाठी यिट्रियम ऑक्साइड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम घ्या. बेरीज ११.२ ग्रॅम होते. वरचं वजन भाजताना कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं.

यिट्रियम ऑक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. वजन करण्याआधी ते ९०० अंश सेल्सिअसला काही तास तापवा आणि डेसिकेटरमध्ये गार करा. ही पायरी गाळली तर वजनातला काही भाग पाण्याचा असतो, यिट्रियम कमी पडतं आणि प्रमाण पहिल्याच दिवशी बिघडतं.

सावधान: बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घाला, आणि त्या टेबलावर चहाचा कप आणू नका.

खल अगेटचाच वापरा. लोखंडाच्या किंवा स्टीलच्या खलात घोटलं तर लोखंडाचे कण मिसळतात. पुढे मॅग्नेटोमीटरवर (नमुन्याचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) लोहचुंबकीय लूप, म्हणजे क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना वेगळ्या वाटेने जाणारी बंद रेषा, दिसतो आणि ‘क्युप्रेटमध्ये लोहचुंबकत्व सापडलं’ असं वाटून दोन आठवडे वाया जातात. अर्धा-पाऊण तास, रंग एकसारखा करडा होईपर्यंत घोटा. नंतर ९०० ते ९३० अंशांत १२ ते २४ तास भाजा, बाहेर काढा, पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. निदान दोनदा, शक्य असेल तर तीनदा.

इथे तपासा: भुकटी काळी कुळकुळीत हवी. हिरवट झाक दिसली तर ती २११ फेज आहे: दोन भाग यिट्रियम, एक बेरियम, एक तांबं. ती अतिसंवाहक नाही. पुन्हा घोटून भाजा. तरीही हिरवं राहिलं तर वजनातच चूक आहे, पुढे जाऊ नका. एक्स-रे डिफ्रॅक्शनची सोय असेल तर हीच ती करण्याची वेळ आहे.

भुकटी चांगली झाली की ती दाबून पेलेट, म्हणजे गोल वडी, करा. जाडी २ मिलिमीटरच्या आत ठेवा, कारण पुढे ऑक्सिजनला आतपर्यंत शिरायचं आहे. ९३० ते ९४० अंशांवर सुमारे २४ तास सिंटर करा, म्हणजे न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडा.

टप्पा २: ऑक्सिजन (सगळ्यात जास्त चुका इथेच होतात)

भट्टीतून ९०० अंशांवरची पेलेट एकदम बाहेर काढली तर ती काळी, घट्ट आणि दिसायला छान असते, पण अतिसंवाहक नसते. एवढ्या तापमानाला स्फटिकातला बराच ऑक्सिजन बाहेर असतो आणि रचना चतुष्कोणी असते. सावकाश गार करताना ऑक्सिजन परत शिरतो, तांब्या-ऑक्सिजनच्या साखळ्या तयार होतात, रचना समचतुर्भुजी होते, आणि त्या साखळ्यांमुळे तांब्या-ऑक्सिजनच्या प्रतलांना लागणारे होल (वीज वाहून नेणाऱ्या, इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) मिळतात.

म्हणून ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांना सुमारे २४ तास ठेवा आणि मिनिटाला १ अंश या वेगाने उतरवा. सिलिंडर मध्येच संपला, प्रवाह बंद पडला, तर तो दिवस पुन्हा करा.

ऑक्सिजन किती भरला यावर पदार्थाचं सगळं चुंबकीय वागणं ठरतं. सूत्रातला ऑक्सिजन ७ च्या अगदी जवळ असेल तर संक्रमण ९० च्या वर. ६.६ ते ६.७ च्या आसपास असेल तर ६० केल्विनचं पठार. ६.३५ च्या खाली गेलात तर अतिसंवाहकताच नाही. उरतो तो अँटिफेरोमॅग्नेट, ज्यात शेजारच्या तांब्याचे स्पिन (अणूंमधली इवली चुंबकं) एकमेकांच्या उलट दिशेला बांधलेले असतात. ऑक्सिजन ६ ला हा क्रम ४०० केल्विनच्या वरपर्यंत टिकतो, म्हणजे खोलीच्या तापमानालाही असतो.

हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. वरखाली स्पिन एकमेकांना मारून टाकतात, त्यामुळे निव्वळ मोमेंट (नमुन्याचं एकूण चुंबकत्व) जवळपास उरत नाही आणि साध्या मॅग्नेटोमीटरवर हा क्रम ठळक दिसत नाही. तो न्यूट्रॉन विवर्तनात दिसतो. ‘आलेख सपाट आला, म्हणजे नमुन्यात चुंबकत्व नाही’ असं लिहू नका.

टप्पा ३: ओलीपासून जपणं

वायबीसीओचं पाण्याशी वैर आहे. पाणी लागलं की बेरियम बाहेर पडतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पृष्ठभागावर पांढरा थर धरतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात पेलेट टेबलावर उघडी राहिली तर हा पांढरेपणा डोळ्यांनी दिसू लागतो, आणि मग तो आत उतरत जातो. सिलिका जेल घातलेला डेसिकेटर हवाच. जेल गुलाबी पडलं असेल तर तापवून पुन्हा निळं करा, त्याशिवाय डेसिकेटर म्हणजे नुसती काचेची बरणी.

टप्पा ४: टेबलावरची चाचणी

मॅग्नेटोमीटरची वेळ मागण्याआधी द्रव नायट्रोजनने बघून घ्या. थर्मोकोलच्या वाटीत पेलेट ठेवा आणि निओडिमियमचं अगदी छोटं चुंबक घ्या. सिंटर केलेली पेलेट फार वजन उचलत नाही.

सावधान: नायट्रोजनचं वायूत रूपांतर होताना आकारमान सुमारे ७०० पट होतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही भरू नका, बाटली फुटते. खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत ऑक्सिजन कमी होतो आणि तो कमी झाल्याचं माणसाला कळत नाही.

आता दोन वेगळे प्रयोग करा. पहिला: चुंबक दूर ठेवून पेलेट थंड करा, नायट्रोजनचं उकळणं शांत होऊ द्या, मग प्लॅस्टिकच्या चिमट्याने चुंबक वरून हळूहळू खाली आणा. पेलेट त्याला ढकलते आणि चुंबक बाजूला घसरू पाहतं. दुसरा: पेलेट गरम असतानाच तिच्यावर २ मिलिमीटर जाडीचा थर्मोकोलचा तुकडा आणि त्यावर चुंबक ठेवा. मग नायट्रोजन ओता आणि शेवटी तुकडा अलगद ओढून घ्या. आता चुंबक जागच्या जागी तरंगतं. बोटाने हलकेच टिचकी मारली तर डुलतं, पण जागा सोडत नाही.

हाच झेडएफसी आणि एफसीमधला फरक, हाताला जाणवणारा. दुसऱ्या प्रयोगातली स्थिरता मुख्यतः पिनिंगची असते. चुंबकाच्या रेषांचे काही धागे पेलेटच्या आत दोषांना अडकून बसलेले असतात. अहवालात ‘मायस्नर परिणामामुळे (क्षेत्र बाहेर ढकलल्यामुळे) चुंबक स्थिर तरंगलं’ असं लिहिलं जातं, ते दुरुस्त करा.

चाचणी झाली की पेलेट हवेत नुसती ठेवू नका, तिच्यावर दव धरतं. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने कोरडी करून लगेच डेसिकेटरमध्ये ठेवा.

टप्पा ५: तुकडा कापणं आणि बसवणं

२० मिलिग्रॅमच्या आसपासचा तुकडा पुरतो. स्टीलच्या ब्लेडने कापू नका, स्टीलच्या चिमट्याने धरू नका. शक्य तितका लांबट तुकडा काढा आणि लांब बाजू क्षेत्राच्या दिशेने ठेवा. याचं कारण टप्पा ८ मध्ये येईल. लांबी-रुंदी-जाडी आणि वजन आत्ताच वहीत लिहा. मापन झाल्यावर तुकडा हरवतो, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे.

जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये तुकडा हलणार नाही असा दाबून बसवा. सैल राहिला तर क्षेत्र देताच तो फिरतो आणि आलेखात मध्येच पायरी दिसते. होल्डर आत सोडताना चेंबरमधली हवा पंपाने काढून हेलियम भरणं निदान तीनदा करा. आत ऑक्सिजन राहिला तर ४५ ते ५५ केल्विनच्या पट्ट्यात छोटा उंचवटा येतो. तो नमुन्याचा नसतो, गोठलेल्या ऑक्सिजनचा असतो.

टप्पा ६: क्षेत्र खरोखर शून्य करणं

स्क्रीनवर शून्य दिसलं म्हणजे क्षेत्र शून्य झालं असं नाही. तुमच्या आधी कोणी ५ टेस्लापर्यंत गेलं असेल, तर यंत्राच्या अतिसंवाहक चुंबकातच फ्लक्स (चुंबकीय रेषा) अडकून राहतो आणि ‘शून्या’वर काही ओर्स्टेड (क्षेत्राचं एकक) ते काही दहा ओर्स्टेड क्षेत्र शिल्लक असतं. अनेकदा ते उलट दिशेचं असतं.

समजा शिल्लक क्षेत्र उणे २५ ओर्स्टेड आहे. तुम्ही १० ओर्स्टेडची कमांड दिली. नमुन्याला प्रत्यक्षात उणे १५ मिळतं. तो इमानाने उणे १५ ला विरोध करतो, म्हणजे धन मोमेंट दाखवतो, आणि तुमची एफसीची रेषा वर चढते. सुरुवातीला सांगितलेला पहिला आलेख तो हाच.

उपाय: नमुना १०० केल्विनच्या वर असताना, क्षेत्र आलटून-पालटून कमी करत शून्यावर आणा, म्हणजे यंत्रातला ऑसिलेट मोड. सरळ रेषेत शून्यावर आणू नका. चुंबक रीसेट करायची सोय असेल तर तीही वापरा.

इथे तपासा: ११० केल्विनवरून १० ओर्स्टेडमध्ये थंड करून ८० केल्विनला मोमेंट घ्या. पुन्हा ११० वर नेऊन उणे १० ओर्स्टेडमध्ये थंड करा आणि तसंच मोमेंट घ्या. दोन्ही आकडे सारखे आणि उलट चिन्हाचे यायला हवेत. नाही आले तर दोघांची बेरीज भागिले दोघांची वजाबाकी (पहिल्यातून दुसरा), गुणिले १०. एवढे ओर्स्टेड शिल्लक क्षेत्र आहे. वरच्या उदाहरणात हा हिशेब बरोबर उणे २५ देतो. शिल्लक क्षेत्र अर्ध्या ओर्स्टेडच्या खाली येईपर्यंत पुढे जाऊ नका.

एक पळवाट बरेच जण काढतात: शून्य क्षेत्रात थंड करून मोमेंट बघतात, ते लहान आलं की ‘क्षेत्र शून्य आहे’ म्हणतात. पिनिंग जोरदार असलेल्या नमुन्यात शिल्लक क्षेत्र भरपूर असूनही ते मोमेंट लहानच येतं. त्यावर विसंबू नका.

टप्पा ७: प्रत्यक्ष मापन

१. ११० केल्विन, क्षेत्र शून्य. दहा मिनिटं थांबा.
२. शून्य क्षेत्रातच १० केल्विनपर्यंत थंड करा.
३. आता १० ओर्स्टेड, म्हणजे १ मिलिटेस्ला, द्या. ओलांडून मागे येऊ देऊ नका. क्षणभर १२ झालं तरी नमुना ते धरून ठेवतो.
४. तापवत मोजा: ही झेडएफसी. ८० पर्यंत दोन-तीन केल्विनच्या पायऱ्या चालतात, ८० ते ९५ मध्ये अर्ध्या केल्विनच्या किंवा त्याहून लहान.
५. ११० ला पोहोचा. क्षेत्राला हात लावू नका.
६. त्याच क्षेत्रात थंड करत मोजा: ही एफसी.
७. जमलं तर पुन्हा तापवत मोजा.

तापमान मिनिटाला १ केल्विनपेक्षा वेगाने बदललं तर थर्मामीटर एक सांगतो आणि नमुना दुसरीकडे असतो. थंड करतानाचं आणि तापवतानाचं संक्रमण एकमेकांपासून सरकलेलं दिसलं तर वेग निम्मा करून पुन्हा मोजा. ९१ केल्विनचं संक्रमण ८८ ला दाखवणारे कितीतरी आलेख निव्वळ घाईचे असतात.

क्षेत्र १००० ओर्स्टेड का नको? सिंटर केलेल्या पेलेटमध्ये दाण्यांमधले जोड अगदी नाजूक असतात. थोड्या ओर्स्टेडमध्येच क्षेत्र त्यांच्यातून आत शिरतं. मोठ्या क्षेत्रात संक्रमण पसरट होतं, आणि मग तो पसरटपणा नमुन्याचा की क्षेत्राचा हे सांगता येत नाही. एसी ससेप्टिबिलिटीची (उलटसुलट बदलणाऱ्या क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो ते मोजण्याची) सोय असेल तर याच जोडांमुळे दोन पायऱ्या दिसतील: वरची दाण्यांची, खालची जोडांची. एसी क्षेत्र वाढवलं की खालची आणखी खाली सरकते. खालची पायरी बघून ‘दुसरी फेज’ जाहीर करू नका.

टप्पा ८: मोमेंटवरून टक्केवारी

२० मिलिग्रॅमचा तुकडा घ्या. वायबीसीओची क्ष-किरण घनता ६.३८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणून आकारमान ०.००३१३ घन सेंटिमीटर. पूर्ण प्रतिचुंबकत्व म्हणजे सीजीएसमध्ये ससेप्टिबिलिटी उणे ०.०७९६ (उणे १ भागिले ४ पाय), एसआयमध्ये उणे १. १० ओर्स्टेडला अपेक्षित मोमेंट उणे ०.००२५ ईएमयू (मोमेंटचं सीजीएस एकक).

आता आकाराचा हिशेब. नमुना क्षेत्र बाहेर ढकलतो तेव्हा त्या रेषा त्याच्या कडांजवळ दाटतात आणि तिथलं क्षेत्र दिलेल्यापेक्षा वाढतं. गोलासाठी उत्तर दीडपट येतं. ५ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची चकती क्षेत्राला आडवी धरली तर साधारण चौपट. तीच चकती क्षेत्राला समांतर धरली तर जेमतेम १.१४ पट. ३८० टक्क्यांचं कोडं इथे सुटतं: चकती आडवी बसवली होती आणि मिळालेल्या आकड्याला त्या पटीने भागलं नव्हतं.

आकारमानाबद्दलही जपा. पेलेट सच्छिद्र असते. अगदी लहान क्षेत्रात आणि खालच्या तापमानाला धारा पेलेटच्या बाहेरच्या कडेने फिरते आणि आतली छिद्रंसुद्धा झाकते, म्हणून तिथे मोजपट्टीने काढलेलं आकारमान घ्या. भुकटीसाठी वजन भागिले ६.३८.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी दर वर्षी भांडतो: झेडएफसीचा आकडा म्हणजे अतिसंवाहक भागाची टक्केवारी नव्हे. तो क्षेत्र किती अडवलं ते सांगतो. बाहेरून पातळ अतिसंवाहक साल आणि आत निर्जीव गाभा असला तरी झेडएफसी शंभर टक्के दाखवेल. ऑक्सिजन आतपर्यंत न शिरलेल्या जाड पेलेटमध्ये नेमकं हेच होतं. शंका असेल तर तुकडा बारीक कुटून पुन्हा मोजा. साल असेल तर आकडा कोसळतो. फक्त फार बारीक कुटू नका. कण क्षेत्राच्या शिरकावाच्या खोलीएवढे (खालच्या तापमानाला सुमारे १५० नॅनोमीटर) झाले तर चांगल्या नमुन्याचाही संकेत घटतो.

एफसीचा आकडा उलट बाजूने फसवतो. तिथे फ्लक्स बाहेर पडताना पिनिंगमध्ये अडकतो, म्हणून उत्तम नमुनाही एफसीत २० किंवा ३० टक्केच दाखवू शकतो. लहान एफसी म्हणजे वाईट नमुना, असा निष्कर्ष काढू नका. अहवालात दोन्ही आकडे द्या, आणि क्षेत्र, आकार, तापमान त्यांच्या शेजारीच लिहा.

टप्पा ९: हिस्टेरिसिस लूप

लूप नेहमी शेवटी घ्या. तो घेतला की नमुन्यात आणि यंत्रात दोन्हीकडे फ्लक्स अडकतो. लूपनंतर पुन्हा झेडएफसी हवी असेल तर टप्पा ६ पासून सगळं करावं लागतं.

नमुना ११० केल्विनवर नेऊन शून्य क्षेत्रात ७७ ला आणा आणि लूप घ्या. बीनच्या प्रारूपाने क्रांतिक धारा घनता (रोध न येता वाहू शकणारी जास्तीत जास्त धारा, दर चौरस सेंटिमीटरला) काढताना, लूपच्या वरच्या आणि खालच्या फांदीतलं अंतर (ईएमयू प्रति घन सेंटिमीटर) गुणिले ३०, भागिले व्यास सेंटिमीटरमध्ये. उत्तर अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर.

व्यास कोणाचा, हा प्रश्न इथे बहुतेक जण विचारत नाहीत. धारा पूर्ण पेलेटभर फिरत असेल तर पेलेटचा. पण मोठ्या क्षेत्रात दाण्यांमधले जोड तुटलेले असतात आणि धारा प्रत्येक दाण्यात वेगळी फिरते, तेव्हा दाण्याचा. तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर मोजा, साधारण काही मायक्रॉन असतो. चुकीचा व्यास घातला तर उत्तर हजारपट इकडेतिकडे जातं. ताळा म्हणून लक्षात ठेवा: साध्या सिंटर केलेल्या पेलेटमधून ७७ केल्विनला, बाहेरचं क्षेत्र नसताना, प्रत्यक्ष वाहू शकणारी धारा चौरस सेंटिमीटरला शेकड्यांत असते. दहा लाखांच्या वरचा आकडा चांगल्या पातळ थरांचा असतो.

१०० केल्विनच्या वरच्या लूपमध्ये थोडी चढती सरळ रेषा उरते, आणि तापमान उतरवताना ती क्युरीच्या नियमाने (तापमानाच्या व्यस्त प्रमाणात) तीव्र होते. तिचा मोठा वाटा बहुधा टप्पा १ मधल्या हिरव्या २११ फेजचा आणि उरलेल्या बेरियम क्युप्रेटचा असतो. तिच्यावरून तांब्याच्या प्रतलांचं चुंबकत्व काढायला बसण्याआधी तुमचा एक्स-रे आलेख पुन्हा उघडा आणि तिथे २११ ची शिखरं किती उंच आहेत ते बघा.